मालवणी अंगणासाठी प्रेशर वॉशर: काय पाहून घेतला, कसा चालतोय

प्रेशर वॉशर घ्यायला दुकानात जा किंवा मोबाइलवर बघा, पहिला आकडा तोंडावर येतो तो बारचा, म्हणजे पाण्याच्या दाबाचा. ११० बार, १३० बार, १५० बार. पीएसआय या दाबाच्या दुसऱ्या मापात लिहिला की तोच आकडा आणखी मोठा दिसतो, कारण १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. कोकणातल्या घराला या आकड्याचा सगळ्यांत कमी उपयोग आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. मशीनला पाणी कुठून मिळणार, घरातला बोर्ड आणि वायर कसली आहे, अंगण चिऱ्याचं आहे की कोब्याचं, यावर कुठलं मशीन घ्यायचं ते ठरतं. आमच्याकडे कार्चर कंपनीचा के २ हा प्रेशर वॉशर आहे, काही पावसाळे वापरून झालेला. त्याच्याबद्दल, आणि घेण्याआधी जे पाहिलं त्याबद्दल लिहिते.

आमचं घर मालवण तालुक्यात. घराला लागून पाहुण्यांच्या खोल्या आहेत, त्यामुळे अंगण आमचं एकट्याचं नाही. मे महिन्यात आणि दिवाळीत तिथे कोल्हापूरच्या, पुण्याच्या, बेळगावच्या गाड्या लागतात. पुढचं अंगण जांभ्या चिऱ्यांचं, गाडी लावायची जागा कोब्याची, तुळशीभोवती शहाबादी फरशी. पाऊस लागला की यातलं काही कोरडं राहत नाही. पागोळ्यांखाली थोड्याच दिवसांत हिरवट थर धरतो, श्रावणापर्यंत तो काळपट आणि गुळगुळीत होतो. सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत आणि पहाटे तुळशीला पाणी घालायला त्यांना बाहेर यायचंच असतं. पाहुण्यांची मुलं तर पावसातच अंगणात पळतात. म्हणून आमच्याकडे शेवाळ काढणं हे मशीनचं पहिलं काम आणि गाडी धुणं हे दुसरं. बहुतेक माहिती गाडी धुणाऱ्यांसाठीच लिहिलेली असते, म्हणून हे आधी सांगितलं.

पूर्वी आम्ही खराटा आणि ब्लीचिंग पावडर वापरायचो. शेवाळ कोवळं असताना खराटा अजूनही चांगला. पण थर जुना झाला की कंबरडं मोडतं आणि चिऱ्याच्या भोकांत बसलेलं हिरवं काही निघत नाही. ब्लीचिंगचं पाणी विहिरीकडे वाहतं, तुळशीच्या मुळाशी जातं, ते मला नको होतं. शिवाय गणपतीच्या आधी सगळ्या वाडीचीच साफसफाई सुरू असते, तेव्हा माणूस मिळत नाही. मशीन घेण्याचं खरं कारण हे.

आता चिरा. जांभा नुकताच खाणीतून काढला की मऊ असतो, हवेवर राहून वरचं कवच कडक होतं, आणि आत तो सच्छिद्रच राहतो. जोरदार बारीक धार जवळून मारली तर ते कडक कवचच निघतं. शेवाळ गेलेलं दिसतं, चिरा लालभडक नवा दिसतो, बघणारे खूश होतात. पण पृष्ठभाग अधिक खरबरीत आणि मऊ झालेला असतो, आणि पुढच्या पावसात शेवाळ तिथे आधी धरतं. आमच्या गवंड्याने मशीन पाहिल्याबरोबर सांगितलं होतं, ''वयनी, चिऱ्याक ह्यां जवळसून मारू नकात. आधी दर्जे जातले, मगे चिरो.'' अगदी तसंच आहे. वाडीत एका अंगणात पेन्सिलीसारख्या धारेने दोन चिऱ्यांमधला दर्जा, म्हणजे सांधा, उकरला गेलेला मी पाहिला आहे. पावसाचं पाणी त्या फटीतून खाली मुरलं आणि चिरे हलायला लागले.

म्हणून चिऱ्यावर आम्ही नेहमी पंख्यासारखी पसरणारी धार वापरतो. नळीचं तोंड दीड फूट तरी लांब, तिरकं, दर्ज्याच्या दिशेने न मारता चिऱ्यावरून आडवं फिरवत न्यायचं. ज्या मशीनला रंगीत नोझल येतात त्यात साधारणपणे लाल म्हणजे शून्य अंशाची सरळ धार, पिवळं १५ अंश, हिरवं २५, पांढरं ४०, आणि काळं साबणासाठी. चिऱ्याला पांढरं किंवा हिरवं. लाल नोझल आमच्या घरी असतं तर मी ते कुलपात ठेवलं असतं. के २ च्या पूर्ण संचात जोर कमीजास्त करता येणारी पिळायची नळी आणि गोल फिरणाऱ्या धारेची वेगळी नळी मिळते. ती गोल फिरणारी धार कोब्यासाठी अप्रतिम आहे. गाडीच्या टायरखाली तेलकट चिखल बसून काळी झालेली जागा तिने अशी निघते की शेजारी उभं राहून बघावं. पण ती कोब्यावरच. चिऱ्यावर नाही, शहाबादीवर नाही, आणि गाडीच्या रंगावर तर मुळीच नाही.

वेळही महत्त्वाची. पावसात दोन दिवसांची उघडीप मिळाली की शेवाळ ओलं आणि फुगलेलं असतं, ते कमी जोरात सुटतं. ऑक्टोबरच्या उन्हात वाळून चिकटलेलं शेवाळ काढायचं तर आधी अंगण भिजवून अर्धा तास ठेवावं लागतं. गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा, एवढं आमच्या अंगणाला पुरतं. मधल्या काळात खराटा. मशीन हाताशी आहे म्हणून दर आठवड्याला चिऱ्यावर पाणी मारू नये.

कौलांवर मात्र हे मशीन घेऊन कुणी चढू नये, ही माझी कळकळीची विनंती. कौलं वरून खाली पाणी वाहून जाण्यासाठी एकावर एक रचलेली असतात. उलट दिशेने जोराची धार मारली की पाणी त्यांच्या खालून वाशांपर्यंत पोचतं. आणि ओल्या, शेवाळलेल्या कौलावर उभं राहून हातात धक्का देणारी नळी धरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. कुंपणाच्या गडग्यालाही मशीन नको, चिऱ्यांमधली माती वाहून जाते. जुन्या लाकडी दरवाज्याचे तंतू उभे राहतात. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीचं काय होईल ते सांगायलाच नको.

आता बारच्या आकड्याकडे येते. माझे धाकटे दीर मोटरपंपाच्या कामातले. मी त्यांना ऑनलाइन दिसणारी मशीनं दाखवत होते, तेव्हा त्यांनी एक हिशोब शिकवला: ''वयनी, बार आणि मिनिटाचे लिटर गुणा, ६००न भागा. जा काय येतला ता किलोवॅट.'' म्हणजे पाण्याला तेवढा जोर द्यायला किमान किती वीज लागेल ते. एका मशीनवर लिहिलं होतं १५० बार, मिनिटाला ८ लिटर, मोटर १८०० वॉट. गुणाकार १२००, भागिले ६००, म्हणजे २ किलोवॅट. १८०० वॉटच्या मोटरमधून २००० वॉटचं काम कसं निघेल? मोटर आणि पंपात थोडी शक्ती वाया जाते ती वेगळीच. म्हणजे दोन्हींपैकी एक आकडा तरी फुगवलेला, किंवा दोन्ही एकाच वेळचे नाहीत. हा हिशोब कागदावर लिहून दुकानात घेऊन जा. के २ वर कमाल ११० बार, तासाला ३६० लिटर आणि १४०० वॉट असं लिहिलेलं असतं. ११० गुणिले ६ भागिले ६०० म्हणजे १.१ किलोवॅट. शक्यतेच्या आत बसतं, पण तिथेही 'कमाल' हा शब्द आहे, प्रत्यक्ष काम करताना दाब त्याहून कमी असतो. बॉशचा ईझीअ‍ॅक्वाटॅक १२० याच्याच तोडीस तोड होता: १५०० वॉट, १२० बार, तासाला ३५० लिटर. दोन्हींत घरगुती कामासाठी मला फरक वाटला नाही. कार्चर घेतला तो सुटे भाग आमच्या बाजूला मिळू शकतात असं कळल्यामुळे. पिवळ्या रंगाच्या या मशीनची कंपनी जर्मनीची, १९३५ सालची. घरी वापरता येईल असा उचलून नेण्याजोगा पहिला वॉशर त्यांनी १९८४ मध्ये काढला. एवढा जुना धंदा असला की ओरिंग आणि सीलं, म्हणजे पाणी गळू न देणाऱ्या रबरी चकत्या, जुन्या मॉडेलचीही मिळत राहतात, हा माझा अंदाज अजून तरी खरा ठरला आहे.

घाण काढण्याचं निम्मं काम दाब करतो आणि निम्मं पाणी. दाब चिकटलेलं सोडवतो, सुटलेलं वाहून नेतं ते पाणी. मिनिटाला ६ लिटर म्हणजे अंगणासाठी थोडं कमीच. शेवाळ सुटतं, पण ते ढकलत गटारापर्यंत न्यायला वेळ लागतो. त्यासाठी आम्ही मागून साधा बागेचा पाइप सोडतो किंवा खराट्याने ओढतो. मोठं अंगण, काजूचं खळं, गुरांचा गोठा असेल तर मिनिटाला ८-९ लिटर खरोखर देणारं जड मशीन बघा. बार नव्हे, लिटर बघा.

पाण्याची गोष्ट शहरातल्या लेखांत येत नाही. तिकडे नळाला दाब असतो. आपल्याकडे पाणी येतं घरावरच्या टाकीतून. दहा मीटर उंचीला १ बार दाब मिळतो. आमची टाकी पडवीच्या वर, जमिनीपासून चार-पाच मीटरवर, म्हणजे अर्धा बारही नाही, त्यातही अर्ध्या इंची जुना पाइप. अशा वेळी मशीन पाण्यासाठी तहानलेलं राहतं, पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि धार धडधडत तुटते. तो आवाज आला की लगेच बंद करायचं, सीलं आणि पंप त्यानेच खराब होतात.

घ्यायच्या आधी एक साधी चाचणी करा. २० लिटरची बादली मशीनचा पाइप जिथे लावणार त्या नळाखाली ठेवा. दोन मिनिटांत भरली तर नळ मिनिटाला १० लिटर देतो, के २ सारख्या मशीनला भरपूर. तीन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर तो नळ पुरणार नाही. मग पिंपातून किंवा बादलीतून पाणी ओढून घेणारं मशीन हवं. बरीच देशी मशीनं पिंपातून पाणी ओढतात आणि सोबत जाळीचा सक्शन पाइप देतात. के २ ही ओढतो, पण त्यासाठीचा उलटं पाणी न सोडणारा सक्शन पाइप वेगळा घ्यावा लागतो, आणि उंची अर्ध्या मीटरपर्यंतच चालते. म्हणजे विहिरीतून ओढायचं स्वप्न बघू नका. आम्ही विहिरीचा पंप लावून निळं पिंप भरतो, पिंप मशीनच्याच पातळीला चौथऱ्यावर ठेवतो आणि त्यातून मशीन चालवतो. या पद्धतीने पाणी एकसारखं मिळतं आणि लाल गाळ पिंपाच्या तळाशी बसतो. सक्शनचं तोंड तळापासून वीतभर वर बांधून ठेवायचं. सुरू करताना पुढची नळी काढून नुसतं पाणी वाहू द्यायचं, फुरफुर थांबून सलग धार लागली की हवा निघाली, मग नळी जोडायची. मे महिन्यात उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पाणी हात पोळण्याइतकं तापतं. या वर्गाच्या मशीनला ४० अंशांवरचं पाणी चालत नाही, तेवढं पाणी आधी झाडांना सोडावं.

मोटरचे दोन प्रकार. एक कार्बन ब्रशवाली, मिक्सरच्या जातीची: हलकी, स्वस्त, आणि आवाजाला भारी. दुसरी इंडक्शन, विहिरीवरच्या पंपासारखी: जड, महाग, आवाज कमी, तासन्‌तास चालणारी. के २ पहिल्या प्रकारचा. पाच किलोच्या आतबाहेर वजन असल्यामुळे मी तो एका हाताने उचलून मागच्या अंगणात नेते, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. घरातली बाई एकटीने वापरू शकली नाही तर मशीन कोपऱ्यात पडून राहतं. पण आवाज खरंच मोठा आहे. पाहुणे दुपारी झोपलेले असताना तो चालवता येत नाही, त्यामुळे आमची वेळ सकाळी नाश्त्यानंतर, पाहुणे समुद्रावर गेल्यावर. अर्धा तास झाला की मी त्याला थोडा आराम देते. चार-पाच खोल्यांपेक्षा मोठा व्यवसाय असेल, रोज गाड्या धुवायच्या असतील तर इंडक्शनच घ्यावं, पैसे जास्त गेले तरी.

घोडा, म्हणजे पाणी सोडायची हातातली खटकी, सोडला की मोटर आपोआप बंद होणं (ऑटोस्टॉप), ही सोय असलेलंच मशीन घ्या. नसेल तर घोडा सोडल्यावर पाणी पंपातच फिरत राहतं, तापतं, आणि सीलं जातात. तरीही काम थांबवून चहाला जायचं असेल तर मेन बटण बंद करून घोडा एकदा दाबून आतला दाब सोडावा. नुसत्या ऑटोस्टॉपवर मशीन टाकून जाऊ नये.

विजेच्या बाबतीत हात आखडू नका. १४०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला ६ अँपिअरच्या वर. पंखा-टीव्हीच्या छोट्या सॉकेटला ते लावायचं नाही, १६ अँपिअरचा सॉकेट हवा. एक्स्टेंशन लागलंच तर जाड वायरीचं, २.५ चौरस मिलिमीटरचं, आणि पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर मशीनच्या आधी ती बसवून घ्या. ओल्या अंगणात, अनवाणी माणसाच्या हातात वीज आणि पाणी एकत्र द्यायचं आणि आरसीसीबी नाही, याला मी कधीच तयार होणार नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असतं तेव्हाही मशीन लावू नये, मोटर कण्हते आणि तापते.

पायात गमबूट, आणि धार कुणाच्याही अंगावर नाही, गमतीतही नाही. या धारेने पाणी कातडीच्या आत घुसू शकतं. बाहेरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत जखम खोल असते. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात. मुलांच्या हातात मी घोडा देत नाही, त्यांनी कितीही हट्ट केला तरी.

आता गाडी. समुद्राकाठी गाडीला दोन शत्रू: खारी हवा आणि तांबडी माती. माती चाकाच्या वरच्या खोबणीत आणि दरवाज्यांच्या खालच्या पट्टीत जाऊन बसते, ओल धरून ठेवते, आणि गंज आतून सुरू होतो. बादली-फडक्याने वरची गाडी चकाचक होते, पण तिथे हात पोचत नाही. या एका गोष्टीसाठी गाडीवाल्याने प्रेशर वॉशर घ्यावा, बाकी सगळं वरकड. आमच्या वॅगनआरच्या चाकांच्या खोबणीतून पहिल्यांदा धार मारली तेव्हा जो लाल गाळ निघाला, त्याची घमेली भरली असती. पाहुण्यांपैकी कुणी किनाऱ्यावर वाळूत गाडी घातली असेल तर मीच सांगते, निघायच्या आधी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

क्रम असा: आधी गाडी सावलीत, बॉनेट थंड. चाकं आणि खालची बाजू प्रथम. मग वरून नुसतं पाणी, म्हणजे वाळू निघून जाईल. ती वाळू अंगावर असताना फडकं फिरवलं तर रंगावर गोल ओरखडे उठतात. मग फेस. फेसाची बाटली, जिला फोम लान्स म्हणतात, ती चांगली हवी. मशीनसोबत येणारी छोटी बाटली पातळ साबणपाणी उडवते, फेस करत नाही. वेगळी घेताना तुमच्या मशीनच्या घोड्याला बसणारा अडॅप्टर आहे ना ते विचारा. कार्चरची जोडणी खटका बसवून फिरवायची स्वतःची वेगळी आहे, देशी मशीनांची बहुधा आट्यांची. फेस तीन-चार मिनिटं ठेवायचा, वाळू द्यायचा नाही, आणि वरून खाली धुवायचं. भांड्याचा साबण नको, त्याने गाडीवरचं मेण निघून जातं, गाडीसाठीचा शाम्पूच वापरा. शेवटी मऊ मायक्रोफायबरने पुसायचं, आपल्या विहिरीच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात.

नळीचं तोंड गाडीपासून किमान फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर लांब. टायरच्या बाबतीत हे अंतर जास्तच पाळा, जवळून मारलेल्या धारेने टायरची बाजू आणि व्हॉल्व्ह दुखावतात आणि ते दुखणं धावत्या गाडीत बाहेर येतं. रंग उडालेल्या कडेवर धार मारली की पोपडा निघत जातो, विशेषतः पुन्हा रंगवलेल्या बंपरवर. दरवाज्यांचं रबर, स्टिकर, पार्किंग सेन्सर यांच्यावर जवळून नाही. पुढच्या जाळीतून रेडिएटरवर सरळ धार मारली तर पातळ पाकळ्या वाकतात.

स्कूटरला तर मी आणखी जपते. हँडलवरची बटणं, चावीची जागा, सायलेन्सरचं तोंड, चाकांच्या मधलं बेअरिंग यांना जोराचं पाणी नको. ग्रीस निघून जातं आणि पाणी आत बसतं. मोटरसायकलला चेनही. विजेवरची स्कूटर असेल तर चार्जिंगच्या जागेपासून धार लांबच. स्कूटरच्या मडगार्डखालची बाजू आणि स्टँडभोवतालचा चिखल, एवढंच मशीनने करायचं, बाकी फडकं पुरतं.

पाणी किती लागतं? घोडा उघडा असतानाचा वेळ मोजला तर आमच्या गाडीला आठ-दहा मिनिटं, म्हणजे ५०-६० लिटर. साधा पाइप मोकळा सोडून धुवायचो तेव्हा याच्या दुपटी-तिपटीने जायचं. विहीर तळाला लागलेली असते त्या मे महिन्यात हा फरक मला फार मोठा वाटतो. तरी खरं सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये आम्ही गाडी ओल्या फडक्यानेच पुसतो आणि पाणी झाडांना ठेवतो.

वाडीत एकांनी ऑनलाइन खूप स्वस्तात मशीन घेतलं होतं. दिसायला मोठं, आकडे आमच्यापेक्षा भरघोस. पहिल्या पावसाळ्यानंतर पंपाच्या तोंडातून पाणी गळायला लागलं. बिघाड किरकोळ, एक सील. पण ते सील कुठेच मिळेना, कंपनीचा फोन लागेना, आणि आमच्या मेकॅनिकने मापाचं दुसरं बसवून पाहिलं ते टिकलं नाही. मशीन माळ्यावर आहे. म्हणून मी सांगते, पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. कुडाळ-सावंतवाडीत नसेल तर कोल्हापुरात तरी, किंवा गोव्यात. त्या सेंटरला स्वतः फोन करून विचारा, या मॉडेलचा सील किट आणि घोडा मिळतो का, किती दिवसांत. उत्तर ऐकूनच कळतं. वॉरंटीच्या कागदापेक्षा हा फोन उपयोगी.

आमच्या के २ च्या मर्यादाही सांगते. दाबाचा पाइप कडक आहे, सकाळच्या गारव्यात तो आणखी ताठ होतो आणि मशीनला ओढून आडवं पाडतो. लांबीही कमी पडते, गाडीभोवती पूर्ण फेरी मारायला मशीन हलवावंच लागतं. जास्त लांबीचा पाइप वेगळा मिळतो, तो मी पुढच्या वेळी घेणार आहे. अंगणासाठी तव्यासारखं गोल सरफेस क्लीनर मिळतं, त्याच्या आत दोन धारा फिरतात आणि चिखल पायावर, भिंतीवर उडत नाही. कोबा किंवा सिमेंटच्या फरशा जास्त असतील तर तो जोड सोबतच घ्या, काम निम्म्या वेळात होतं आणि पट्टे उमटत नाहीत.

सांभाळण्याचं थोडंसं. काम झालं की पाणी काढून टाकायचं, साबणाची बाटली लावली असेल तर साध्या पाण्याने नळी धुवायची. पाणी आत येतं तिथली जाळी उघडून बघायची, आमच्याकडे तिच्यात दरवेळी तांबडी माती असते. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांच्या नोझलला क्षार धरतो, तो बारीक तारेने मोकळा करावा, मोठी टाचणी घालून भोक वाढवू नये. समुद्राचं किंवा खाडीचं पाणी मशीनमधून कधीच नाही. आणि ठेवताना सगळ्या तोंडांना कापडाचे बोळे लावा. कोकणात कुंभारीण दोन दिवसांत नळीच्या तोंडात मातीचं घर बांधते, आणि उंदीर वायरीला सोडत नाहीत. आमचं मशीन पडवीच्या तुळईला टांगलेलं असतं.

कुणी काय घ्यावं, एवढं विचारलंत तर: चिऱ्याचं लहानमोठं अंगण, एक गाडी, एक स्कूटर असेल तर १४००-१५०० वॉटचं, ऑटोस्टॉपवालं, हलकं मशीन आणि वेगळा सक्शन पाइप. गोठा, खळं किंवा पर्यटकांच्या रोजच्या गाड्या असतील तर इंडक्शन मोटर, पितळी पंप, लिटर जास्त. मुंबई-पुण्यात फ्लॅट आणि खाली पार्किंगमध्ये फक्त स्कूटर असेल तर बॅटरीवरचं कमी दाबाचं छोटं मशीन पुरे, बादलीतून चालतं आणि वायर ओढावी लागत नाही. मात्र सोसायटी पार्किंगमध्ये गाडी धुवू देते का ते आधी विचारून घ्या. घेताना दुकानदाराला मशीन पाणी लावून चालवून दाखवायला सांगा. घोडा सोडल्यावर मोटर लगेच थांबली पाहिजे, आणि थांबल्यावर नळीच्या तोंडातून थेंब गळता कामा नये. मालवणात आमच्या दुकानदाराने बाहेर बादली ठेवून ते करून दाखवलं, तेव्हाच मी पैसे दिले.